निओक्लासिकल म्हणजे नक्की काय? आणि लिलावाच्या चिठ्ठीवर काय लिहायचं?



इंग्लंडात राहायला लागलं की काही शब्द आपोआप कानावर पडू लागतात. 'निओक्लासिकल' हा त्यातलाच एक. रविवारी नॅशनल ट्रस्टच्या एखाद्या जुन्या हवेलीत चक्कर मारा, हाय स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये डोकवा किंवा टीव्हीवर 'अँटिक्स रोडशो' लावून बसा, हा शब्द भेटल्याशिवाय राहत नाही. खुर्ची निओक्लासिकल, फुलदाणी निओक्लासिकल, बागेतला पुतळा निओक्लासिकल. आजकाल तर बाथरूमचा आरसासुद्धा निओक्लासिकल असतो!

यंदा हा शब्द आपल्या मंडळाच्या दारातही येऊन उभा राहिला. मदतनिधीच्या लिलावासाठी सभासदांनी मोठ्या मनानं घरातल्या वस्तू दिल्या. कुणी खुर्च्यांची जोडी दिली, कुणी निळी-पांढरी बशी, कुणी पांढरा अर्धपुतळा. बऱ्याच वस्तूंबरोबर 'निओक्लासिकल अँटिक' असं लिहिलेली चिठ्ठी होती. यादी करण्याचं काम आम्हा तिघाचौघांकडे आलं. आम्ही सगळे पेशानं सॉफ्टवेअरवाले. लाकूड आणि संगमरवर यांच्याशी आमचा संबंध तसा आयकियापुरताच! तेव्हा पुस्तकं चाळली, म्युझियमं पालथी घातली, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडतो आहोत.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी म्हणेल. कारण साधं आहे. लिलावात बोली लावणारा माणूस चिठ्ठीवर विश्वास ठेवून पैसे देतो. त्या पैशाचं पुढे काहीतरी चांगलं होणार असतं. चिठ्ठीत थोडं जास्त लिहिलं तर निधी वाढेलही, पण पुढच्या वर्षी त्या माणसाचा आपल्यावर विश्वास राहणार नाही. आणि कमी लिहिलं तर ज्यानं वस्तू दिली त्याच्यावर अन्याय, शिवाय निधीचंही नुकसान. म्हणजे प्रश्न नुसत्या कलेचा नाही, सचोटीचाही आहे.

दोन वेगळे प्रश्न

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 'निओक्लासिकल' आणि 'अँटिक' हे शब्द जोडीनं वापरले जातात, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. निओक्लासिकल म्हणजे वस्तू कुठल्या धाटणीची आहे. अँटिक म्हणजे ती किती जुनी आहे. व्यापारातला रूढ संकेत असा की शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणायचं.

'निओ' म्हणजे नवा, आणि 'क्लासिकल' म्हणजे इथे प्राचीन ग्रीस व रोमची कला. युरोपात साधारण १७५० ते १८३० या काळात ग्रीक-रोमन कलेचा जो नव्यानं अवतार झाला, त्याला पुढच्या काळात निओक्लासिकल हे नाव पडलं. त्या काळात बनलेली वस्तू ही धाटणीनंही निओक्लासिकल आणि वयानंही अँटिक. पण ही धाटणी त्यानंतर कधी संपलीच नाही. १९०० साली तशा वस्तू बनल्या, १९६० साली बनल्या, आणि गेल्या आठवड्यातही कुठल्यातरी कारखान्यातून बाहेर पडल्या असतील. म्हणून 'दिसते निओक्लासिकल' यावरून 'आहे जुनी' हे सिद्ध होत नाही. लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

राखेतून आलेली फॅशन

हे सगळं सुरू कुठून झालं? इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं इसवी सन ७९ मध्ये गाडून टाकलेली गावं अठराव्या शतकात उकरायला सुरुवात झाली. हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ मध्ये आणि पाँपेईचं १७४८ मध्ये सुरू झालं. भिंतीवरची चित्रं, ब्राँझचे दिवे, तिवया, भांडी असं रोमन माणसाचं रोजचं घर जमिनीतून वर आलं. त्याआधी रोमन कला म्हणजे मोठमोठी देवळं आणि कमानी एवढंच लोकांना माहीत होतं. आता दिवाणखान्यात काय ठेवत असत तेही दिसलं.

त्याच सुमारास इंग्लंडमधली श्रीमंत घरची मुलं शिक्षण संपवून 'ग्रँड टूर'ला म्हणजे फ्रान्स-इटलीच्या लांबलचक सहलीला जात. येताना पुतळे, चित्रं, फुलदाण्या घेऊन येत. रोममध्ये बार्तोलोमेओ कावाचेप्पी नावाचा शिल्पकार जुन्या मोडक्या पुतळ्यांना नवी नाकं, नवे हात बसवून द्यायचा. म्हणजे 'प्राचीन रोमन' म्हणून घरी आणलेल्या पुतळ्याचा बराच भाग नवाकोरा असायचा!

जर्मन अभ्यासक विंकेलमान यांनी १७५५ मध्ये ग्रीक कलेच्या अनुकरणावर निबंध लिहिला आणि १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास. साधेपणा, शांतपणा आणि प्रमाणबद्धता हेच खरं सौंदर्य, असा त्यांचा आग्रह होता. १७६२ मध्ये स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी अथेन्समधल्या इमारतींची मापं घेऊन पुस्तक काढलं. मापं हातात आल्यावर मग काय, ज्याला त्याला तसं बांधता येऊ लागलं.

इंग्लंडात या लाटेचा मोठा मानकरी म्हणजे रॉबर्ट ॲडम (१७२८-१७९२). हा स्कॉटिश वास्तुशास्त्रज्ञ १७५४ ते १७५८ इटलीत राहिला. आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट इथल्या डायोक्लेशियन बादशहाच्या राजवाड्याची मोजमापं त्यानं घेतली आणि १७६४ मध्ये पुस्तक छापलं. परत आल्यावर त्यानं श्रीमंतांची घरं आतून-बाहेरून बदलून टाकली. छत, भिंत, गालिचा, खुर्ची, दाराची मूठ, सगळं एकाच नक्षीत. आपल्यापैकी हाउन्स्लो-साउथॉलच्या बाजूला राहणाऱ्यांना ॲडमचं काम बघायला लांब जायला नको. पिकॅडिली लाइनवर ऑस्टरली पार्क आहे. उत्तर लंडनवाल्यांना हॅम्पस्टेड हीथवरचं केनवुड हाऊस, तिथे तर प्रवेशही विनामूल्य. केनवुडच्या लायब्ररीतलं गुलाबी-निळं छत एकदा मान वर करून बघाच.

ओळखायचं कसं?

ॲडमच्या आधीची फॅशन होती रोकोको. तिच्यात सगळं वळणावळणाचं. खुर्चीचे पाय आधी बाहेर फुगून मग आत वळलेले, नक्षीत शिंपले आणि वेली, डावी-उजवी बाजू सारखी असेलच असं नाही. निओक्लासिकलमध्ये हे सगळं सरळ झालं.

सर्वात आधी पाय बघा. ते सरळ असतात आणि खाली निमुळते होत जातात. बऱ्याचदा त्यांवर खांबासारख्या उभ्या खाचा असतात. मग नक्षी बघा. कलश, झुलत्या फुलमाळा, अकँथसची कातरलेली पानं, काटकोनात वळत जाणारी सलग ग्रीक रेघ, मेंढ्याचं डोकं, गोल फुलाची ठिपकी, पंख असलेली सिंहकन्या. आणि तिसरी गोष्ट, मध्यरेषा. मधून रेघ मारली तर दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या. कलश आणि फुलमाळा म्हटलं की आपल्याला घरच्यासारखंच वाटतं, नाही का? मात्र हा कलश पूजेचा नाही. रोमन लोक मृताची रक्षाही अशा कलशांत ठेवत. तोच आकार पुढे साखरदाणीवर आला आणि सुऱ्या-चमचे ठेवायच्या लाकडी पेटीवरही!

१८०० नंतर हीच धाटणी थोडी जड झाली. ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत 'क्लिस्मॉस' नावाची खुर्ची दिसते, तलवारीसारखे बाकदार पाय असलेली. थॉमस होप यांनी १८०७ मध्ये काढलेल्या पुस्तकात अशा फर्निचरचे नमुने आहेत. इंग्लंडात याला रीजन्सी म्हणतात, आणि फ्रान्समध्ये नेपोलियनच्या नावानं एम्पायर.

पुस्तकातून निघालेल्या खुर्च्या

आता आमच्यासारख्या इंजिनियर मंडळींना सर्वात आवडलेला भाग. त्या काळातले फर्निचरवाले आपल्या नमुन्यांची पुस्तकं छापत. कुठल्याही गावातला सुतार ते पुस्तक विकत घ्यायचा आणि त्यातल्या चित्राबरहुकूम खुर्ची करून द्यायचा. एकदा लिहिलेलं सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वापरायचं. आम्ही रोज ऑफिसात दुसरं काय करतो?

टॉमस चिपेंडेल यांचं पुस्तक १७५४ मधलं. पण गंमत अशी की त्यातले नमुने मुख्यतः रोकोको, गॉथिक आणि चिनी धाटणीचे आहेत. चिपेंडेल यांचं निओक्लासिकल काम नंतरचं, लीड्सजवळच्या हेअरवुड हाऊससारख्या घरांसाठी केलेलं. जॉर्ज हेपलव्हाइट यांचं पुस्तक १७८८ मध्ये निघालं, तेही त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्यांची पत्नी ॲलिस हिनं काढलं. ढालीच्या आकाराची पाठ असलेली खुर्ची दिसली की लोक 'हेपलव्हाइट' म्हणतात ते या पुस्तकामुळे. आणि टॉमस शेरेटन यांचं पुस्तक १७९१ ते १७९४ या काळात भागाभागानं आलं. चौकोनी पाठ, बारीक पाय आणि फिकट लाकडातलं जडावकाम ही त्यांची ओळख.

आता नीट ऐका. हेपलव्हाइट यांच्या स्वतःच्या कारखान्यातली म्हणून खात्रीनं दाखवता येईल अशी एकही खुर्ची आज माहीत नाही! म्हणजे 'हेपलव्हाइट खुर्ची' याचा अर्थ 'हेपलव्हाइटच्या पुस्तकातल्या धाटणीची खुर्ची' एवढाच. ती १७९० ची असू शकते, १८९० ची असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेरेटन धाटणीची पुन्हा मोठी लाट आली आणि आज लिलावघरांत दिसणाऱ्या कितीतरी 'शेरेटन' वस्तू त्या लाटेतल्या आहेत. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात राइट अँड मॅन्सफील्ड या लंडनच्या कंपनीनं ॲडम धाटणीचं सॅटिनवूडचं कपाट मांडलं होतं. ते व्ही अँड ए म्युझियमनं लगेच विकत घेतलं. ते मूळ काळातलं नाही, पण कारागिरी इतकी सुरेख की पुनरावृत्ती म्हणूनच त्याचं महत्त्व आहे. नंतरची वस्तू म्हणजे कमअस्सल वस्तू असा अर्थ नाही. फक्त ती नंतरची आहे असं सांगायला हवं.

पांढऱ्या पुतळ्यांची गोष्ट

आता शिल्पांकडे येऊ. या काळातलं सर्वात मोठं नाव म्हणजे इटलीचा अंतोनियो कानोव्हा (१७५७-१८२२). त्याची काम करण्याची पद्धत समजून घेतली की 'मूळ' आणि 'नक्कल' या शब्दांकडे आपण जरा वेगळ्या नजरेनं बघू लागतो.

कानोव्हा आधी मातीत छोटा नमुना करायचा, मग मातीतच पूर्ण आकाराचा. त्यावरून प्लॅस्टरचा साचा आणि साच्यातून प्लॅस्टरचा पुतळा. गणपतीच्या कारखान्यात डोकावलेल्या कुणालाही हे नवीन नाही. मग त्या प्लॅस्टरवर ठिकठिकाणी धातूच्या लहान टाचण्या बसवायच्या. या टाचण्यांवरून मापं घेत मदतनीस संगमरवराच्या ठोकळ्यात तेवढ्याच खोलीपर्यंत दगड काढत. शेवटचा हात मात्र कानोव्हाचा. दिव्याच्या उजेडात तो त्वचेवरची शेवटची झिलई करायचा. त्याच्या जन्मगावी पोसान्यो इथल्या संग्रहालयात हे प्लॅस्टरचे पुतळे आहेत आणि टाचण्याही दिसतात.

म्हणजे एका प्लॅस्टरवरून दुसरी संगमरवरी मूर्ती करणं शक्य होतं, आणि तसं घडलंही. 'थ्री ग्रेसेस' म्हणजे एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या तीन देवकन्यांचं त्याचं प्रसिद्ध शिल्प. पहिलं नेपोलियनची पत्नी जोसेफीन हिच्यासाठी झालं, ते आज रशियात हर्मिटाज संग्रहालयात आहे. बेडफर्डच्या ड्यूकनं दुसरं मागवलं, ते १८१७ मध्ये पूर्ण झालं. दोन्ही कानोव्हाचीच. यातली अस्सल कुठली आणि नक्कल कुठली हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

पांढऱ्या रंगाबद्दलही एक सांगायला हवं. निओक्लासिकल म्हणजे शुभ्र संगमरवर असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण प्राचीन ग्रीक आणि रोमन पुतळे मुळात रंगवलेले असत! केस, ओठ, डोळे, वस्त्रांचे काठ, सगळं रंगीत. शेकडो वर्षांत रंग उडाला आणि युरोपला वाटलं की शुभ्रपणा हीच ग्रीक अभिरुची. या समजुतीची किंमतही मोजावी लागली. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं अधिक पांढरी दिसावीत म्हणून कठीण साधनांनी घासली गेली आणि मूळ पृष्ठभागाला इजा झाली. रंगवलेल्या देवांची सवय असलेल्या आपल्याला मात्र खरे ग्रीक देव बघून फारसा धक्का बसला नसता!

दगड परवडत नसेल तर काय? लंडनमध्ये एलेनॉर कोड या बाईंनी १७६९ पासून लँबेथला कृत्रिम दगडाचा कारखाना चालवला. हा 'कोड स्टोन' म्हणजे खरं तर भट्टीत भाजलेली एक खास माती. साच्यातून कलश, देवता, कमानीवरचे चेहरे असं हवं ते मिळायचं. त्या काळात एका स्त्रीनं असा उद्योग उभा करणं ही साधी गोष्ट नव्हे. वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी जो मोठा पांढरा सिंह उभा आहे, पाहुण्यांना लंडन दाखवताना ज्याच्यासमोर आपण फोटो काढतो, तो याच कोड स्टोनचा आहे, १८३७ सालचा.

लाकूड कुठून आलं?

आता थोडी कडू गोष्ट. सुंदर वस्तू बघताना ती विसरून चालणार नाही.

या काळातलं बरंचसं चांगलं फर्निचर महोगनीचं. महोगनी इंग्लंडात होत नाही. ती यायची जमैका, होंडुरास अशा ठिकाणांहून. १७२१ च्या कायद्यानं अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठली आणि आयात वाढत गेली. ही झाडं तोडून ओढून आणण्याचं काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेतलं जाई. ज्या हेअरवुड हाऊससाठी चिपेंडेल यांनी इतकं सुंदर काम केलं, त्याच्या मालकांचा, लॅसेल्स घराण्याचा पैसा वेस्ट इंडिजमधल्या साखरेतून आणि गुलामांच्या श्रमातून आलेला होता.

पण त्याच काळात, त्याच धाटणीत, याच्या विरुद्ध बाजूचीही एक वस्तू बनली. स्टॅफर्डशायरचे जोसाया वेजवुड (१७३०-१७९५) हे मातीच्या भांड्यांचे मोठे कारखानदार. निळ्या जमिनीवर पांढऱ्या उठावाच्या आकृत्या असलेली त्यांची 'जॅस्पर' भांडी आपण सगळ्यांनी पाहिली असतील. हजारो प्रयोग करून १७७४-७५ च्या सुमारास त्यांनी ही माती सिद्ध केली. रोमन काळातलं काचेचं पोर्टलंड पात्र जॅस्परमध्ये हुबेहूब उतरवायला त्यांना सुमारे चार वर्षं लागली आणि १७९० मध्ये त्यांनी ते लोकांसमोर ठेवलं. मूळ पात्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तर या वेजवुड यांनी १७८७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीसाठी एक छोटं पदक काढलं. बेड्यांत जखडलेला, गुडघ्यावर बसलेला एक आफ्रिकन माणूस, आणि भोवती प्रश्न: मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? घडण रोमन कॅमिओची, म्हणजे उठावाच्या छोट्या कोरीव चित्राची. विल्यम हॅकवुड या त्यांच्या कारागिरानं ते घडवलं. वेजवुड यांनी ही पदकं स्वतःच्या खर्चानं करून वाटली आणि १७८८ मध्ये काही अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनाही पाठवली. बायकांनी ती केसांत माळली, बांगड्यांत जडवली, पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांवर बसवली. फॅशन म्हणून का होईना, विचार घरोघरी पोचला. ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर १८०७ मध्ये बंदी आली आणि वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. पदकावरचा माणूस गुडघ्यावर, याचना करताना दाखवला आहे, उभा नाही, ही टीकाही योग्यच आहे. पण एक छोटी वस्तू चांगल्या कामासाठी काय करू शकते याचं हे उदाहरण विसरता येत नाही.

आणि आपल्याकडे?

ही धाटणी जहाजातून भारतातही गेली. कोलकात्याचं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे पुढचं राजभवन, १८०३ मध्ये पूर्ण झालं. त्याचा आराखडा डर्बीशायरच्या केडलस्टन हॉलवरून घेतला आहे, आणि केडलस्टनमध्ये रॉबर्ट ॲडमचंच काम आहे. मुंबईत एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर आपल्यापैकी अनेकजण कॉलेजात असताना बसले असतील. तो टाऊन हॉल १८३३ मधला, कर्नल टॉमस कूपर यांनी बांधलेला, ग्रीक डोरिक खांबांचा. आत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा संगमरवरी पुतळा आहे, तो फ्रान्सिस चँट्री या इंग्लिश शिल्पकाराचा.

उलट दिशेनंही एक खूण आहे. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम जोन्स यांचं स्मारक आहे. वेजवुड यांच्यासाठी नमुने करणारे जॉन फ्लॅक्समन यांनीच ते घडवलं. त्यात जोन्स टेबलाशी बसून लिहीत आहेत आणि समोर जमिनीवर तीन भारतीय पंडित बसले आहेत. रेषा शांत, ग्रीक. पण ज्यांच्याकडून ज्ञान घ्यायचं ते खाली आणि लिहून घेणारा वर, ही मांडणी लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

मग आपल्या वस्तूचं वय कसं बघायचं?

धाटणी समोरून बघायची, वय मात्र मागून, खालून आणि आतून! खुर्ची उलटी करा, ड्रॉवर बाहेर काढा.

ड्रॉवरच्या कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत अडकवलेले असतात, त्याला डव्हटेल म्हणतात. हातानं कापलेले दात थोडे कमी-जास्त असतात. सगळे अगदी सारखे असतील तर यंत्राचं काम, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. लाकडावर करवतीच्या सरळ खुणा असतील तर हातकरवत. गोलाकार खुणा असतील तर गोल फिरणारी यंत्रकरवत, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातलं. जुन्या स्क्रूला खाली टोक नसतं आणि वरची खाच मधोमध नसते. टोकदार स्क्रू १८५० च्या आसपास रूढ झाले. अर्थात स्क्रू मागाहून दुरुस्तीतही बदलतात, त्यामुळे एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. वरचा व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा, हातानं कापलेला असेल तर जाड असतो, यंत्राचा कागदासारखा पातळ. जुन्या एकसंध लाकडाच्या गोल टेबलाचा व्यास दोन्ही दिशांनी मोजा. लाकूड आडव्या बाजूनं आकसतं, त्यामुळे खरं जुनं टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. आणि प्लायवूड दिसलं तर अठराव्या शतकाची आशा सोडून द्यायला हरकत नाही!

पांढऱ्या पुतळ्याला हात लावा. संगमरवर थंड लागतो आणि बराच वेळ थंड राहतो. रेझिनचा पुतळा हाताच्या उबेनं लवकर कोमट होतो, वजनाला हलका असतो आणि कडेला साच्याची शीण दिसते. खालच्या बाजूला बारीक बुडबुडे असतील तर तो ओतलेला आहे. ओरखडे काढून मात्र बघू नका, वस्तू आपली नाही!

लिलावघरांच्या भाषेत एक शब्द फार महत्त्वाचा असतो. 'जॉर्ज तिसरा महोगनी खुर्ची' म्हणजे त्या राजाच्या काळातली, १७६० ते १८२० मधली. 'जॉर्ज तिसरा स्टाइल' म्हणजे त्या धाटणीची, नंतर बनलेली. 'स्टाइल' या एका शब्दानं किंमत कितीतरी पटीनं बदलते. म्हणून आपल्या यादीत प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी आहेत: धाटणी कुठली, काळ कुठला (आणि तो कशावरून ठरवला), दुरुस्ती काय झाली आहे. जिथे खात्री नाही तिथे 'धाटणीची' एवढंच लिहिलं आहे. एखाद्या कुटुंबाला वस्तू कुठून मिळाली ते सांगता आलं, जुनी पावती किंवा फोटो असला, तर तेही जोडलं आहे. वस्तूची खरी किंमत त्या मागमुसात असते.

एक कायद्याची गोष्टही. जुन्या चहाच्या पेट्यांना किंवा कुलपाच्या भोकाभोवती हस्तिदंताचा तुकडा असू शकतो. ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा २०१८ मध्ये झाला आणि जून २०२२ पासून लागू आहे. मोजके अपवाद आहेत, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. चॅरिटी लिलाव हीसुद्धा विक्रीच. तसंच भारतातून शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, कोरीव लाकूडकाम वगैरे बाहेर आणायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा आजीच्या देवघरातली पितळी मूर्ती बॅगेत घालण्याआधी चौकशी करावी.

थेंबे थेंबे तळे

शेवटी दोन गोष्टी, आपल्या कामाला बळ देणाऱ्या.

बेडफर्डच्या ड्यूकची ती 'थ्री ग्रेसेस' विक्रीला निघाली आणि अमेरिकेतल्या गेटी म्युझियमला जाणार असं दिसू लागलं. निर्यातीचा परवाना थांबवण्यात आला आणि निधी उभारायला वेळ मिळाला. मोठे दाते पुढे आले, सामान्य लोकांनीही पैसे दिले, आणि १९९४ मध्ये लंडनचं व्ही अँड ए आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनांनी मिळून ते शिल्प ७६ लाख पौंडांना घेतलं. ते आज दोघांचं मिळून आहे, आणि आळीपाळीनं दोन्हीकडे राहतं.

दुसरी गोष्ट वेजवुडची. २००९ मध्ये कंपनी बुडाली आणि तिच्या पेन्शन फंडातली १३ कोटी ४० लाख पौंडांची तूट म्युझियमच्या गळ्यात पडली. कोर्टानं सांगितलं की संग्रह विकून पैसे भरता येतील. ऐंशी हजारांहून अधिक वस्तू, त्या गुलामगिरीविरोधी पदकांसकट, विखुरल्या गेल्या असत्या. १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड हवे होते. आर्ट फंड या संस्थेनं मोहीम काढली. मोठ्या संस्थांनी बराचसा वाटा उचलला, आणि २०१४ मध्ये लोकांना आवाहन केल्यावर उरलेले २७ लाख ४० हजार पौंड एका महिन्याच्या आत जमले! संग्रह वाचला. तो व्ही अँड एच्या मालकीचा आहे आणि स्टॅफर्डशायरमध्ये बार्लस्टनलाच बघायला मिळतो.

आपला निधी त्या मानानं लहान आहे, पण रीत तीच. लिलावाच्या टेबलाशी याल तेव्हा खुर्ची खुशाल उलटी करून बघा, ड्रॉवर ओढा, चिठ्ठी नीट वाचा, शंका विचारा. मग जी वस्तू मनात भरेल, तिच्यावर मोकळ्या मनानं बोली लावा. तुमच्या घरी कलश-फुलमाळांची खुर्ची येईल, आणि तिचे पैसे जिथे पोचायला हवेत तिथे पोचतील.

भेटूच!